बोटांना दिलेली रजा

“घाई मला नका सांगू, मातीला सांगा,” असं ती म्हणायची. कुंड्या कधी मिळणार म्हणून एखादं गिऱ्हाईक दारात येऊन पाय आपटू लागलं, की चाकावरची नजर न हलवता ती एवढंच बोलायची आणि पुन्हा कामात बुडून जायची. गिऱ्हाईक खरोखरच कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगाकडे बघायचं. ढीग काही बोलायचा नाही. मग गिऱ्हाईकाला हसू यायचं, आणि चार दिवसांनी येतो म्हणून ते निघून जायचं.

सगळी गल्ली तिला सावकाश आत्या म्हणे. खरी आत्या ती एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या लेकीची. पण त्या पोरीनं लहानपणी दिवसभर ‘आत्या, आत्या’ असा धोशा लावलेला असायचा, त्यामुळे शेजारचा शिंपी, कोपऱ्यावरचा चावीवाला, पत्रं टाकणारा पोस्टमन, झाडून सगळे तिला आत्याच म्हणू लागले. ‘सावकाश’ हे बिरुद मात्र शिंप्यानं लावलेलं. त्याचं म्हणणं असं, की एकदा आत्यानं कच्ची सुरई चाकावरून उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली, तेवढ्या वेळात त्याचा एक सदरा बाह्यांसकट शिवून झाला होता.

भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि वहिनी रुग्णालयात पाळीनं नोकरी करायची. मुलगी आठ वर्षांची असताना त्यांनी तिला एका सुट्टीपुरतं आत्याकडे ठेवलं. ती सुट्टी काही संपली नाही. शाळा सुरू झाल्यावर बाप न्यायला आला, तर पोरगी मातीच्या ढिगावर चढून बसली आणि म्हणाली, “मी अजून वाळले नाही.” भावानं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं चाकाकडे. शेवटी गावातल्याच शाळेत नाव घातलं गेलं.

चाकासमोर उकिडवी बसून ती आत्याचे हात बघायची. चाकावरून उडालेला चिखल तिच्या नाकावर, कपाळावर, कानाच्या पाळीवर वाळायचा. म्हणून तिचं नाव पडलं ठिपकी. ती बावीस वर्षांची झाली, कॉलेजात रसायनशास्त्रात पहिली आली, तरी नाव ठिपकीच राहिलं.

दोन खोल्या आणि मागे भट्टी, एवढाच संसार. पुढच्या खोलीत दोन चाकं, एक विजेचं आणि एक पायानं फिरवायचं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर कच्च्या कुंड्या आणि सुरया. खिडकीला आठ लहान काचा होत्या. त्यांतून येणारं ऊन दुपारी फळीफळीनं सरकत जायचं. ठिपकीचं लहानपण त्या उन्हाबरोबर भांड्यावरून भांड्यावर सरकलं आणि कुणाला कळलंही नाही.

तिला एकच खोड होती, विचारायची.

“आत्या, माती भाजली की लाल का होते?”

“लाजते.”

“खरं सांग ना.”

“अगं, एवढ्या आगीत बसवल्यावर तू काय हिरवी होशील?”

या उत्तरावर समाधान न झाल्यामुळेच पुढे सगळं घडलं. माती भाजताना तिच्या पोटात नेमकं काय होतं, हे शिकवणारं एक विद्यापीठ समुद्रापलीकडे होतं. ठिपकीनं तिथं अर्ज केला. त्यांनी तिला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जागा दिली, वर शिष्यवृत्तीही दिली. पत्र आलं त्या दिवशी आत्यानं ते तीनदा वाचून घेतलं आणि मग पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा ती.

जागा मिळाली, पण त्या देशात पाय ठेवायला व्हिसा हवा होता. आणि व्हिसाची यादी शिंप्याच्या मोजपट्टीहून लांब निघाली. विद्यापीठाचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, भाषेच्या परीक्षेचे गुण, अभ्यासक्रम संपल्यानंतरही चालू राहील असा पासपोर्ट. छातीचा एक्स-रे. आणि एक फोटो, ज्यात दोन्ही कान दिसले पाहिजेत पण दात दिसता कामा नयेत.

“न हसता?” आत्या म्हणाली. “मग ते लोक हिला ओळखणार कसे?”

एक्स-रे आला तेव्हा तिनं तो खिडकीच्या काचेवर धरला. पोरीच्या बरगड्या फळ्यांसारख्या एकाखाली एक मांडलेल्या दिसत होत्या. आत्या बराच वेळ बघत राहिली. “आतूनही नीट भाजलीये,” एवढंच म्हणाली.

अर्जात एक रकाना होता. शिक्षण संपल्यावर मायदेशी परत येण्याची तुमची कारणं कोणती, असं त्यात विचारलं होतं. बाकीचा अर्ज ठिपकीनं एका बैठकीत भरला, पण त्या रकान्यापाशी ती तीन दिवस अडली. चौथ्या दिवशी तिनं काहीतरी लिहिलं आणि घडी घातली. काय लिहिलंस, असं आत्यानं विचारलं नाही. त्या दिवशी तिनं एकामागून एक अकरा सुरया केल्या, आणि अकराही सुरयांच्या माना जरा जास्तच लांब झाल्या.

आता एकच गोष्ट उरली होती, बोटांचे ठसे. अर्ज भरल्यापासून तीस दिवसांच्या आत शहरातल्या कार्यालयात स्वतः जायचं आणि दहाही बोटांचे ठसे द्यायचे. ते झालं नाही तर अर्ज बंद. तेराव्या दिवसाची वेळ मिळाली. वेळेच्या कागदावर खाली सूचना होत्या, आणि त्यातली तिसरी सूचना आत्यानं मनावर घेतली. बोटं स्वच्छ असावीत, त्यांवर रंग, डाग किंवा मळ नसावा, असं तिथं लिहिलं होतं.

मातीत काम करणाऱ्याची बोटं कधी स्वच्छ असतात का? नखांच्या कडेला, पेरांच्या घडीत माती मुरलेली असते, ती साबणाला दाद देत नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं परातीत गरम पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि एक खापराचा तुकडा आणला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला, बारीक दाण्याचा तुकडा होता तो. त्यानंच ती स्वतःच्या हाताची राठ कातडी घासायची.

ठिपकीचा एकेक हात मांडीवर घेऊन ती घासू लागली. घाई तिच्या रक्तातच नव्हती. एकेका बोटाला तिनं सुरईच्या ओठाएवढा वेळ दिला. बाहेर उजेड उतरत होता, पाण्यावरची वाफ हळूहळू विरत होती. खापराचा सुर्र सुर्र आवाज येत होता, झोपेत कुणी कुशी बदलावी तसा. पोरीनं डोकं आत्याच्या खांद्याला टेकवलं होतं. इतक्या वर्षांत एवढ्या निवांतपणे हा हात आपल्या हातात कधी आला होता, असं आत्याच्या मनात आलं, आणि बोटं चकचकीत झाल्यावरही ती आणखी थोडा वेळ घासत राहिली. शेवटी दहाही बोटं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी झाली.

“आता म्हणू दे कुणी मळकी,” ती म्हणाली.

शहरातलं कार्यालय काचेचं होतं. एका रांगेत जखडलेल्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी, आणि सगळीकडे असं कुजबुजणं की जणू आत कुणी बाळ झोपलंय. आत फक्त अर्जदारांना सोडत होते. आत्या काचेच्या पडद्याबाहेर बसली. पलीकडे ठिपकीनं एका लहानशा यंत्रावर चार बोटं ठेवली. यंत्रात हिरवा उजेड पेटला, विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला. ठसे घेणाऱ्या बाईनं गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा लावला, ठिपकीचा हात उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. मग ती उठली आणि तिला घेऊन बाहेरच आली.

“तुम्ही हिच्या आई का?”

“आत्या.”

“हिच्या बोटांवर रेषाच नाहीत हो. तीनदा घेतले ठसे. नुसते पांढरे डाग उठतायत.”

“रेषा नाहीत म्हणजे? काल संध्याकाळी तर मी स्वतः...” आत्या बोलता बोलता थांबली.

“काल संध्याकाळी काय?”

“स्वच्छ केली बोटं. तुम्हीच लिहिलंय ना कागदावर.”

“कशानं केली?”

“खापरानं.”

बाईनं चष्मा काढला. तिला हसावं की रागवावं कळेना. “आत्याबाई, स्वच्छ म्हणजे साबणानं धुवायची. सोलायची नाहीत.”

मग ती खुर्चीवर शेजारीच बसली आणि समजुतीच्या सुरात बोलू लागली. मातीकाम करणाऱ्यांच्या रेषा आधीच झिजलेल्या असतात, त्यात हे घासणं. पण कातडी नवी येते, घाबरू नका. अर्जाच्या अठ्ठाविसाव्या दिवशी एक वेळ रिकामी आहे, ती देते. त्यानंतर मात्र वेळ नाही. तेव्हाही ठसे आले नाहीत तर अर्ज बंद होईल, नवा करावा लागेल, आणि तोवर तिकडचे वर्ग सुरू होऊन तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

“पंधरा दिवस माती बंद,” बाई म्हणाली. “पाणी कमी, साबण नको, झोपताना मलम. बोटांना रजा द्या.”

दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. आत्यानं स्वतःचे हात मांडीवर उताणे ठेवले होते. चाळीस वर्षांच्या मातीनं तिची बोटं केव्हाच कोरी करून टाकली होती. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तिला कुणी कुठं बोलावलंच नव्हतं. पण पोरीला बोलावलं होतं, आणि पोरीची बोटं तिनं आपल्या हातांनी पुसून टाकली होती.

घरी आल्या आल्या तिनं फर्मान काढलं. “आजपासून कशालाही हात लावायचा नाही. कपाला नाही, केसांना नाही, दाराच्या कडीलाही नाही.”

“मग दार उघडू कसं?”

“हाक मार.”

ठिपकीला तिनं अक्षरशः तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिचे केस आत्या धुवायची, सदऱ्याची बटणं आत्या लावायची, पुस्तकाची पानं तेवढी ठिपकी कोपरानं उलटायची. शिंप्यानं मऊ कापडाचे हातमोजे शिवून दिले. एकाचा अंगठा भलत्याच बाजूला निघाला होता.

“हा अंगठा बोटांवर रुसलाय का?” ठिपकीनं विचारलं.

“फुकट मिळालेल्या मालाला नावं ठेवू नये,” शिंपी म्हणाला. मग रोज सकाळी दारातून जाताना तो आत डोकावून विचारू लागला, “काय राणीसाहेब, आज राज्यात काय चाललंय?”

“प्रजा आपली कामं सोडून दारात उभी राहतेय,” राणीसाहेब म्हणायच्या.

हातावर हात ठेवून बसणं या घरात कुणाला माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस ठिपकीला वेड लागायची पाळी आली. झोपेतही तिचे हात पांघरुणाला मळत राहायचे. तिसऱ्या दिवशी मात्र ती खिडकीपाशी बसली ती तिथंच विरघळली. ऊन पहिल्या फळीवर आलं, दुसरीवर उतरलं, एका सुरईच्या खांद्यावर थांबलं. चाकाचा घुमारा कानात भरून राहिला. इतकी वर्षं ती आत्याच्या शेजारी बसून काम करत होती, आणि शेजारी बसणाऱ्याला माणूस दिसत नाही. आता तिला दिसलं, की आत्या मातीचा गोळा चाकावर ठेवण्याआधी एक क्षण डोळे मिटते. की सुरईची मान ओढताना तिची स्वतःची मानही नकळत लांब होते. की दोघींचं काम एकटीनं करताना तिचा डावा खांदा दुखतो, आणि दुखला की ती गुणगुणायला लागते.

रोज सकाळी एक विधी ठरून गेला होता. खिडकीच्या एका काचेवर आत्या हाः करून वाफ सोडायची आणि ठिपकी हातमोजा काढून त्या वाफेवर बोट टेकवायची. मग दोघी वाकून, श्वास रोखून बघायच्या. पहिल्या दिवशी काचेवर अंड्यासारखा कोरा ठिपका उमटला. चौथ्या दिवशी त्यात केसाएवढी बारीक रेघ दिसली.

“ही बघ, आली!”

“तो तुझा केस पडलाय आत्या काचेवर.”

खरंच केस होता. पण सातव्या दिवशी केस नव्हता. तळ्याच्या काठाला वाऱ्यानं उठणाऱ्या बारीक लाटा असाव्यात, तशा तीन-चार वक्र रेघा कडेला उमटल्या आणि वाफेबरोबर विरून गेल्या. आत्यानं पुन्हा वाफ सोडली, पुन्हा पाहिलं. त्या सकाळी तिनं तब्बल आठ वेळा वाफ सोडली, आणि चक्कर आल्यावर खाली बसली.

दुपारी तिला चाकापाशीच डुलकी लागली. स्वप्नात ओल्या मातीचं एक अफाट मैदान होतं. वारा सुटला होता आणि मैदानभर रेषा उमटत चालल्या होत्या, वळणावळणाच्या, एकीत एक गुंतलेल्या. आत्या गुडघ्यांवर रांगत त्या रेषा तळहातानं पुसत निघाली होती. पुसलं की मागे पुन्हा उमटायच्या, ती पुन्हा वळायची, पुन्हा पुसायची. दमली होती, पण थांबत नव्हती. तिला वाटत होतं, या सगळ्या रेषा म्हणजे वाटा आहेत, आणि एक जरी उरली तरी कुणीतरी तिच्यावरून चालत निघून जाईल. ती दचकून जागी झाली, तेव्हा चाकावरचा गोळा बाजूला ढळून आडवा झाला होता. तो तिनं उचलला आणि पुन्हा मळायला घेतला. स्वप्न कुणाला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी ती भट्टीत सरपण लावून पुढच्या खोलीत आली, तर ठिपकी चाकासमोर बसलेली. उजव्या हाताचा मोजा मांडीवर पडलेला, चाक मंद फिरतंय, आणि आत्या अर्धवट टाकून गेलेल्या कुंडीच्या काठावर पोरीचं एक बोट टेकलेलं. डोळे मिटलेले, चेहरा असा की जणू कुणी गाणं म्हणतंय आणि ती ऐकतेय.

“काढ! काढ हात आधी!” आत्या ओरडली. गल्लीनं तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. पलीकडचं शिवणयंत्रही थांबलं.

“एकच बोट लावलं गं.”

“त्या एका बोटावर तुझं अख्खं वर्ष अडकलंय.”

“अडकू दे. कदाचित मला जायचंच नाहीये.”

चाक फिरत राहिलं. आत्या समोरच्या चाकाच्या पाटावर बसली आणि एप्रनला हात पुसू लागली. 

“ठिपके, खरं सांग. तुला जायचं नाहीये, की मला टाकून जायचं नाहीये?”

“दोन्हींत काय फरक?”

“पहिलं असेल तर मी तुला चहा करून देईन. दुसरं असेल तर कानाखाली देईन.”

ठिपकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. डोळे पुसायला तिनं हात उचलला. आत्यानं तो मधेच धरला आणि स्वतःच्या बाहीनं तिचे डोळे पुसले.

“एक सांगू?” आत्या म्हणाली. “त्या संध्याकाळी तुझी बोटं घासताना मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की थांबूच नये. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी मी घासत होते. तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते मी रोज स्वतःला विचारते. उत्तर येत नाही.”

“तू काय मुद्दाम केलंस का?”

“तेच तर मला माहीत नाही.”

 ठिपकी कुंडीकडे बघत हळूच म्हणाली, “माझ्या मनात काय होतं सांगू? शेवटी शेवटी मला दुखत होतं. चांगलंच झोंबत होतं. मी बोलले नाही.”

“का?”

“तू थांबली असतीस.”

पलीकडे शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं, जरा बिचकतच. आत्यानं कोरडं फडकं घेतलं, ते एक बोट टिपून काढलं, त्याला मलम लावलं आणि अंगठा रुसलेला मोजा पुन्हा चढवला.

“चल. दोघींनी मिळून घोळ घातलाय, दोघींनी मिळून निस्तरायचा,” ती म्हणाली. “आणि त्या कुंडीचा काठ वाकडा केलास, तो कोण सरळ करणार?”

उरलेले दिवस वाफेसारखे गेले. काचेवरच्या रेघा दाट होत गेल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे निघताना आत्यानं वरच्या फळीवरून एक लहानशी वाटी काढली आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. ठिपकीनं नऊ वर्षांची असताना केलेली ती पहिली वाटी. भोवताली अंगठा दाबून दाबून तिनं ती घडवली होती, आणि प्रत्येक खळग्यात तिच्या अंगठ्याची रेष न् रेष भाजून पक्की झाली होती. मशीन अडून बसलं तर पुरावा हाताशी असावा, हा आत्याचा हिशोब. शिंप्यालाही तो पटला होता.

कार्यालयात तीच बाई होती. आत्या काचेला नाक लावून उभी राहिली. डाव्या हाताची चार बोटं, हिरवा उजेड, बाईनं मान डोलावली. उजव्या हाताची चार बोटं, पुन्हा मान डोलावली. डावा अंगठा आला. उजवा अंगठा राहिला. बाईनं एकदा घेतला आणि ओठ मुडपले. दुसऱ्यांदा घेतला. ठिपकीनं खांद्यातून जोर लावला होता. बाईनं एक बोट वर करून दाखवलं, म्हणजे आणखी एकदाच.

आत्या दाराकडे निघाली.

“बाई, आत फक्त अर्जदार,” पहारेकरी म्हणाला.

“हो हो,” म्हणत ती त्याच्या बाजूनं आत गेली. ती इतक्या शांतपणे गेली, की अडवायचं त्याला सुचलंच नाही.

तिनं काउंटरवर कागद सोडला आणि वाटी बाईसमोर ठेवली. “हे घ्या. हाच तो अंगठा. तेरा वर्षांपूर्वीचा, भट्टीत भाजलेला. हा काही पुसला जात नाही.”

बाईनं वाटी उचलली. आधी ती हसली, मग हसता हसता थांबली. एका खळग्यात तिनं स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला. “किती लहान होता हो,” ती म्हणाली. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, “पण आत्याबाई, याला जिवंत बोट लागतं.”

आत्या ऐकत नव्हती. ती वाटीकडे बघत होती. खळगे खोल होते, फार खोल. पोरगी तेव्हाही जीव खाऊन दाबायची, आणि आजही तेच करत होती. अशानं काठ चेपतो, आणि रेषाही चेपत असणार.

“ठिपके, तू दाबतेयस.”

“दाबल्याशिवाय उमटेल कसं?”

“ओली सुरई चाकावरून उचलताना अंगठा कसा ठेवतेस?”

ठिपकीनं तिच्याकडे पाहिलं.

“तसा ठेव. सुरईला कळता कामा नये, असा. नुसता टेकव आणि विसरून जा.”

ठिपकीनं डोळे मिटले. खांदे सैल सोडले. अंगठा हवेतून उतरत उतरत काचेवर आला आणि टेकला, जणू तिथं काहीतरी झोपलंय आणि ते जागं होऊ नये. हिरवा उजेड पेटला. विझला नाही. बाईच्या पडद्यावर गोल गोल रेषा उमटत गेल्या, आतून बाहेर, फिरत्या चाकावर बोट टेकवल्यावर मातीत उठतात तशा. मध्यभागी एक भोवरा आणि त्याभोवती सगळा अंगठा, काठोकाठ.

“आला,” बाई म्हणाली. एवढ्या शांत कार्यालयात ती हे जरा मोठ्यानंच म्हणाली, आणि रांगेतल्या खुर्च्यांवरच्या चार माणसांनी उगीचच टाळ्या वाजवल्या.

आत्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं समोरच होतं. तिनं वाटी उचलून बाईच्या हातात दिली. “ठेवा तुम्हाला. टाचण्या ठेवायला होईल.”

तीन आठवड्यांनी व्हिसा लागून पासपोर्ट परत आला. त्यात एका पानावर ठिपकीचा न हसलेला फोटो होता, दोन्ही कानांसकट. शिंप्यानं तो बघून सांगितलं, की हिच्यापेक्षा त्याची गिऱ्हाइकं बिल बघताना जास्त प्रसन्न दिसतात.

जायच्या दिवशी भाऊ आणि वहिनी परस्पर विमानतळावर येणार होते. गावातून शहराची बस दुपारची होती. आत्यानं पेटी वर चढवली, खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिली. ठिपकीनं दोन्ही हात बाहेर काढले होते. आत्यानं एकेक बोट उलटून पाहिलं, दहाच्या दहा, आणि हात परत आत ठेवून दिले.

“तिकडे गेल्यावर लगेच चिखलात घालशील.”

“त्यासाठीच तर चाललेय.” मग थोडं थांबून ठिपकी म्हणाली, “आत्या, त्या रकान्यात मी काय लिहिलं, ते तू विचारलंच नाहीस.”

“नाही विचारलं.”

“मग विचार ना. परत येणार का, असं तरी विचार.”

“ते विचारायला त्यांचं एवढं मोठं काचेचं ऑफिस आहे,” आत्या म्हणाली. “मी कशाला विचारू? नीट जा. मला भट्टी उघडायचीये, सकाळपासून निवतेय.”

चालकानं यंत्र सुरू केलं. बस हलायची वाट न बघता आत्या वळली आणि चालू लागली. ठिपकीनं कपाळ काचेला टेकवलं. थांब्यापुढे नळासाठी रस्ता खणून ठेवला होता आणि कडेला ताज्या मातीचा ढीग पडला होता. आत्या त्याच्यावरून पुढे गेली, चार पावलांवर थांबली, परत आली. वाकली, चिमूटभर माती उचलली, अंगठ्यानं बोटांवर चोळून पाहिली, नाकाशी नेली. पसंत पडली असावी. खिशातला रुमाल काढून तिनं त्यात मूठभर माती बांधली, ते गाठोडं हातात धरलं आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या दुकानावरून वळून दिसेनाशी झाली. बस निघून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ठिपकी त्या कोपऱ्याकडे बघत होती.